‘मेल टाकला होता साहेब, तुमचंच उत्तर नाही आलं’: एन्क्वायरी नेमकी कुठे अडकते ते असं शोधा

फोनवर हे वाक्य ऐकलं की एक ऑर्डर दुसरीकडे गेली असं समजायचं. समोरच्याने मेल खरंच टाकलेला असतो. त्याच्या ‘सेंट’मध्ये तो दिसतो, परत आलेला नसतो. आपल्या इनबॉक्समध्ये मात्र त्याचा पत्ता नाही. मग स्पॅम उघडायचा. कधी तिथे सापडतो, कधी तिथेही नाही. सापडला तर ‘नॉट स्पॅम’ दाबून आपण मोकळे. महिन्याभरात परत तोच फोन, फक्त माणूस वेगळा.

भोसरी, चाकण, कुपवाड इथल्या छोट्या कारखान्यांचे आणि कोकणातल्या काही होमस्टेवाल्यांचे मेल मी सांभाळतो. तक्रार सगळ्यांची सारखीच, कारण मात्र बहुतेक वेळा निराळं निघतं. एकाला लागू पडलेलं सेटिंग दुसऱ्याला सांगून उपयोग होत नाही, कारण मेल आपल्यापर्यंत येईतो चार-पाच ठिकाणी थांबतो आणि त्यातल्या कुठेही अडवला जाऊ शकतो. आधी तो कुठे अडला ते शोधायचं, मग सेटिंगला हात लावायचा.

नेटवर याबद्दल शोधलंत तर बहुतेक जण एकच सल्ला देतात: एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क लावा. सल्ला चांगला आहे, पण तो या दुखण्यावरचा नाही. एसपीएफ म्हणजे तुमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी असलेल्या सर्व्हरची यादी, डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही, आणि डीमार्क म्हणजे या तपासणीत न बसलेल्या मेलचं काय करायचं तो नियम. या तिन्ही गोष्टी तुमच्या डोमेनवरून बाहेर जाणाऱ्या मेलची ओळख पटवतात. गिऱ्हाइकाने त्याच्या जीमेलवरून पाठवलेला मेल तुमच्या स्पॅममध्ये पडत असेल, तर तुमच्या एसपीएफमुळे त्यात काडीचा फरक पडत नाही. अपवाद एकच, वेबसाइटवरचा ‘संपर्क करा’ फॉर्म. तिथे पाठवणारे तुम्ही आणि घेणारेही तुम्हीच असता. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त एन्क्वायऱ्या तिथेच मरतात.

खरी एन्क्वायरी खोटी का वाटते

एक नमुना बघा. विषय: ‘आरएफक्यू, अर्जंट’ (आरएफक्यू म्हणजे कोटेशनची मागणी). मजकूर: ‘डिअर सर, सोबतच्या ड्रॉइंगप्रमाणे ५०० नगांचा बेस्ट रेट कळवा, डिलिव्हरी तातडीची.’ खाली नुसतं नाव, कंपनीचा पत्ता नाही, फोन नाही. पाठवणारा फुकटच्या मेल खात्यावरून लिहितोय, यापूर्वी त्याने तुम्हाला कधीच लिहिलेलं नाही. सोबत एक झिप फाइल, आणि तिचा पासवर्ड मेलमध्येच दिलेला.

तुम्हाला यात घाईत असलेला पर्चेसवाला दिसतो. फिल्टरला यात व्हायरस पाठवणाऱ्याच्या सगळ्या खुणा दिसतात. ‘कोटेशन पाठवा’, ‘पर्चेस ऑर्डर जोडली आहे’, ‘पेमेंटचा तपशील बघा’ हे ठगांचे जुने आणि आवडते विषय आहेत, कारण धंदेवाला माणूस असा मेल उघडल्याशिवाय राहत नाही. पासवर्डची झिप फिल्टरला आतून तपासता येत नाही, म्हणून तिच्यावर संशय आणखी जास्त. थोडक्यात, गिऱ्हाइकाचं पहिलं पत्र आणि लुटारूचं पहिलं पत्र दिसायला जुळ्या भावांसारखं असतं. ओळखीच्या लोकांचे मेल बरोबर येतात आणि नेमके नवे गिऱ्हाईक गळतात, ते यामुळेच. तोटा मोजायचीही सोय नाही. जो आला नाही त्याची नोंद कुठे असणार?

म्हणूनच ‘फिल्टर बंदच करून टाकू’ हा उपाय मी कुणाला सांगत नाही. खोट्या पर्चेस ऑर्डरवर क्लिक करून अकाउंटंटच्या कॉम्प्युटरवरचा सगळा टॅलीचा डेटा कुलूपबंद झालेली ऑफिसं मी पाहिली आहेत. एन्क्वायरी गेलेली परवडली, पण ते नको.

फोन करणाऱ्याला काय विचारायचं

‘बघतो हं’ म्हणून फोन ठेवू नका. कुठल्या पत्त्यावरून टाकला, आपल्या कुठल्या पत्त्यावर टाकला, तारीख आणि साधारण वेळ, सोबत फाइल होती का, एवढं लगेच लिहून घ्या. आणि मुख्य म्हणजे त्याने मेल लिहिला होता की वेबसाइटवर फॉर्म भरला होता? लोक फॉर्म भरतात आणि सांगताना ‘मेल टाकला’ म्हणतात. या एका प्रश्नाच्या उत्तराने अर्धी शोधाशोध वाचते.

त्याला ‘मेलर-डीमन’ नावाने उलट मेल आला होता का, तेही विचारा. आला असेल तर तो तसाच मागवून घ्या. मेल का परत आला ते त्यात लिहिलेलं असतं. त्यातला एररचा आकडा ५ ने सुरू होत असेल तर मेल कायमचा नाकारला गेला, ४ ने सुरू होत असेल तर ‘आत्ता नाही, नंतर प्रयत्न करा’. मेलबॉक्स भरलेला असणं, डोमेनचं नूतनीकरण राहून जाणं, व्हिजिटिंग कार्डावर पत्त्यात एक अक्षर चुकणं, असली कारणं इथेच उघडी पडतात. त्यांचा स्पॅमशी काही संबंध नाही. फाइलचंही तसंच: जीमेल काही प्रकारच्या फाइल, उदाहरणार्थ ‘ईएक्सई’ आणि ‘जेएस’, झिपमध्ये घालून पाठवल्या तरी घेतच नाही. तो मेल तुमच्या स्पॅमपर्यंतही पोहोचत नाही, पाठवणाऱ्याकडेच परत जातो. आणि परत आलेला इंग्रजी मेल कोण वाचतो?

‘स्पॅम बघितला, रिकामा आहे’

हे मालक छातीठोकपणे सांगतात आणि त्यांच्या परीने ते खरंही असतं. त्यांनी आउटलुकमधलं ‘जंक’ उघडलेलं असतं. पण ऑफिसातलं आउटलुक पूर्वी कधीतरी एखाद्या कॉम्प्युटरवाल्याने पीओपी पद्धतीने जोडून दिलेलं असतं. पीओपी सर्व्हरवरचा फक्त इनबॉक्स खाली उतरवतं. सर्व्हरवरचं स्पॅम फोल्डर सर्व्हरवरच राहतं, आउटलुकला ते आहे हेसुद्धा माहीत नसतं. जीमेलचं खातं पीओपीने जोडलं तरी स्पॅममधले मेल खाली येत नाहीत.

तपासायला सोपं आहे. ब्राउझर उघडा, वेबमेलमध्ये त्याच पत्त्याने लॉगिन करा आणि तिथलं स्पॅम किंवा जंक बघा. तिथे एन्क्वायऱ्यांची रांग दिसली तर तुमचं निदान झालं. उपाय म्हणजे खातं आयमॅपने जोडणं. मग सर्व्हरवरची सगळी फोल्डरं आउटलुकमध्ये आणि फोनवर सारखीच दिसतात. मात्र आधी जुन्या पीओपी खात्यातल्या मेलची पीएसटी फाइल (आउटलुक मेल जिच्यात साठवतं ती) बाजूला काढून ठेवा. जुने मेल बहुतेक वेळा फक्त त्या एका कॉम्प्युटरवर असतात, आणि खातं काढून टाकताना आठ-दहा वर्षांचा पत्रव्यवहार उडाला की मग स्पॅमची तक्रार फारच किरकोळ वाटायला लागते.

जीमेलवाल्यांसाठी: स्पॅममधला मेल ३० दिवसांनी आपोआप कायमचा पुसला जातो. ‘सीझन संपला की निवांत बघू’ हे इथे चालत नाही. देवगडचा हापूस पाठवणारा माणूस एप्रिलभर बागेत आणि पॅकिंगमध्ये असतो. गुढीपाडव्याच्या आसपास दुबईहून आलेली चौकशी स्पॅममध्ये पडली असेल तर मेच्या अखेरीस ती स्पॅममध्येही नसते. आणखी एक, जीमेलचा साधा शोध स्पॅममध्ये शोधतच नाही. पाठवणाऱ्याचं नाव टाकून ‘काही सापडलं नाही’ असं आलं म्हणजे मेल आला नाही असं नव्हे. शोधपट्टीत इंग्रजी अक्षरांत ‘इन’, मग कोलन, मग मध्ये जागा न सोडता ‘एनीव्हेअर’ असं लिहा आणि पुढे नाव टाका. मग स्पॅम आणि ट्रॅशही धुंडाळलं जातं.

इंडियामार्ट, जस्टडायल यांसारख्या ठिकाणांहून येणाऱ्या लीडचे मेल पुष्कळदा स्पॅममध्ये नसून ‘प्रमोशन्स’ किंवा ‘अपडेट्स’च्या टॅबमध्ये असतात. एखादा मेल धरून ‘प्रायमरी’वर ओढून टाका आणि पुढच्यांसाठीही हेच करायचं का या प्रश्नाला हो म्हणा. झालं.

मेलबॉक्सच्याही आधीचा तुरुंग

मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा गूगल वर्कस्पेस घेतलं असेल तर स्पॅम फोल्डरच्याही मागे एक ठिकाण असतं: क्वारंटाइन. तिथे अडकलेला मेल तुमच्या जंकमध्ये दिसत नाही. मायक्रोसॉफ्टकडे ज्या मेलवर फिशिंगचा दाट संशय आहे तो थेट तिथे जातो, आणि तो सोडवायचा अधिकार साध्या वापरणाऱ्याला नसतो, ॲडमिनला असतो. वरचा ‘आरएफक्यू, अर्जंट’वाला नमुना तिथे जाण्याची शक्यता चांगलीच आहे. तिथेही मेल जास्तीत जास्त ३० दिवस राहतो.

ॲडमिन कोण, हा प्रश्न विचारला की बऱ्याच ऑफिसांत शांतता पसरते. लायसन्स ज्याने विकलं तो, किंवा दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेला मुलगा. एन्क्वायरीचा शोध घेण्याआधी ॲडमिनचं लॉगिन आपल्या हातात घ्या; ते नसेल तर पुढचं काहीच करता येत नाही.

लॉगिन मिळालं की मायक्रोसॉफ्टमध्ये ‘मेसेज ट्रेस’ आणि गूगल वर्कस्पेसमध्ये ‘ईमेल लॉग सर्च’ उघडा. फोनवर लिहून घेतलेला पत्ता आणि तारीख इथे कामाला येतात. मेल आला होता का, आला तर त्याचं काय झालं, हे तिथे एका ओळीत दिसतं. लॉगमध्ये मेलची नोंदच नसेल, तर तो बहुधा तुमच्या दारापर्यंत आलेलाच नाही. तुमचं कुठलंही फिल्टर दोषी नाही. एवढं कळणंही पुष्कळ असतं.

निर्यात करणाऱ्यांनी एक जागा आवर्जून बघावी. मायक्रोसॉफ्टच्या अँटी-स्पॅम धोरणात ठरावीक भाषांतले किंवा ठरावीक देशांतून येणारे मेल सरसकट स्पॅम समजायची सोय आहे. कधीकाळी रशियन किंवा चिनी कचऱ्याला कंटाळून कुणीतरी तिथे यादी भरून ठेवलेली असते आणि मग सगळे विसरून जातात. ज्याची द्राक्षं रॉटरडॅमला उतरतात त्याच्या यादीत नेदरलँड्स असेल, तर दुसरा शत्रू शोधायची गरज नाही.

स्वस्तातल्या हॉस्टिंगसोबत आलेला मेल वापरत असाल तर बहुधा सीपॅनेल (हॉस्टिंगची सेटिंग बदलायचं पॅनेल) असेल. त्यात ‘स्पॅम फिल्टर्स’ नावाखाली स्पॅमअसॅसिन चालतं. ते प्रत्येक मेलला गुण देतं, आणि मूळ सेटिंगमध्ये ५ गुण झाले की मेल स्पॅम ठरतो. इथपर्यंत ठीक. पण शेजारीच ‘ऑटो-डिलीट’चं बटण असतं. ते चालू असेल तर मेल कुठल्याच फोल्डरमध्ये सापडणार नाही, तो दारातच फाडून टाकलेला असतो. ते बंद करा, आणि स्पॅम वेगळ्या ‘स्पॅम बॉक्स’मध्ये ठेवायचा पर्याय चालू करा. तिथेच ‘बॉक्सट्रॅपर’ दिसलं आणि चालू असलं, तर तेही बंद. ते पाठवणाऱ्याला उलट मेल करून ‘तुम्ही खरे आहात हे सिद्ध करा’ म्हणतं. पाच जणांकडून रेट मागवणारा पर्चेसवाला तुमच्यासाठी ही परीक्षा का देईल?

फॉर्म

आता मुख्य दुखणं. वेबसाइटवर फॉर्म असतो, भरला की ‘धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू’ असं येतं, आणि तो मेल कुणालाच मिळत नाही. धन्यवादाची ती ओळ फक्त एवढंच सांगते की वेबसाइटने मेल पाठवायला दिला. पोहोचला की नाही याच्याशी तिचा संबंध नाही. इथे मला वारंवार चार रोग सापडतात.

पहिला: ‘फ्रॉम’मध्ये गिऱ्हाइकाचा पत्ता. फॉर्म बनवणाऱ्याला वाटतं, मेल गिऱ्हाइकाच्या नावाने आला की ‘रिप्लाय’ दाबणं सोपं. पण याचा अर्थ तुमचं हॉस्टिंग ‘मी याहूचा अमुक माणूस आहे’ असं खोटं सांगतंय. याहूने एप्रिल २०१४ मध्येच जाहीर केलं की आमच्या नावाने दुसऱ्या कुठल्या सर्व्हरवरून मेल आला तर तो नाकारा; डीमार्कमधलं ‘रिजेक्ट’ धोरण ते हेच. म्हणून याहूचा पत्ता टाकणाऱ्याची चौकशी गायब होते आणि दुसऱ्या कुणाची येते, आणि आपल्याला वाटतं फॉर्म ‘कधीकधी’ चालतो. उपाय सोपा: ‘फ्रॉम’मध्ये तुमच्याच डोमेनचा पत्ता, आणि गिऱ्हाइकाचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये. रिप्लाय दाबलं की मेल त्यालाच जातो.

दुसरा रोग ओळखायला अवघड. वेबसाइट एका हॉस्टिंगवर, मेल मात्र गूगलकडे किंवा झोहोकडे नेलेला. बाहेरच्या सगळ्यांचे मेल नीट येतात, फॉर्मचे तेवढे येत नाहीत, स्पॅममध्येही नाहीत. हॉस्टिंगवाल्याला विचारलं तर तो लॉग दाखवतो: ‘डिलिव्हर्ड’. आणि तो खोटं बोलत नसतो. सीपॅनेलच्या ‘ईमेल राउटिंग’मध्ये ‘लोकल मेल एक्सचेंजर’ असं राहून गेलेलं असतं, म्हणजे हॉस्टिंगच्या सर्व्हरला अजून वाटतं की या डोमेनचे मेल माझ्याच घरी राहतात. तो बाहेर विचारायलाच जात नाही, स्वतःकडच्या जुन्या मेलबॉक्समध्ये टाकून देतो. हॉस्टिंगचं वेबमेल जुन्या पासवर्डने उघडलं की महिनोन्‌महिने न वाचलेल्या चौकशा एकाखाली एक दिसतात: गणपतीच्या सुट्टीत दोन खोल्या हव्यात, नाताळात आठ माणसांचा ग्रुप आहे, जेवणात मासे मिळतील का. तारखा सगळ्या उलटून गेलेल्या. तिथे ‘रिमोट मेल एक्सचेंजर’ करा. एका क्लिकचं काम आहे. मेल हलवून दिला की हे बदलायचं असतं, आणि नेमकं हेच राहतं.

तिसरा रोग आपणच जोपासतो. फॉर्मवर रोबो येतात. ‘तुमची साइट गूगलवर पहिली आणतो’, ‘कर्ज हवंय का’, रशियन लिपीतलं काहीतरी. हे सगळे मेल तुमच्या वेबसाइटच्या एकाच पत्त्यावरून, एकाच विषयाने येतात. वैतागून तुम्ही त्यांच्यावर ‘रिपोर्ट स्पॅम’ दाबता. दहा-वीस वेळा दाबलं की जीमेल काय शिकतं? या पत्त्यावरून, या विषयाने येणारा मेल या माणसाला नको असतो. त्यानंतर खरी चौकशी आली तरी ती त्याच पत्त्यावरून, त्याच विषयाने येते. स्पॅममधला मेल उघडला की जीमेल वर पट्टीत कारण लिहितं. ‘पूर्वी स्पॅम ठरलेल्या मेलशी साम्य’ अशा अर्थाचं वाक्य तिथे फॉर्मच्या मेलवर दिसलं, तर हा रोग असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. फॉर्ममधून आलेला कचरा कधीही ‘रिपोर्ट’ करू नका, नुसता डिलीट करा. रोबोंना फॉर्मवरच अडवा: कॅप्चा, किंवा माणसाला न दिसणारा एक लपवलेला रकाना, जो भरला गेला की पाठवणारा रोबो आहे हे कळतं. आधी चुकीचं शिकवून झालं असेल तर स्पॅममधल्या खऱ्या चौकशा एकेक करून ‘नॉट स्पॅम’ करा, आणि खाली सांगितलेलं फिल्टर लावा.

चौथा, आणि इथे एसपीएफला खरोखर महत्त्व आहे: मेल गूगलकडे नेताना एसपीएफमध्ये फक्त गूगलचं नाव घातलं, वेबसाइटचा सर्व्हर त्यात नाही. फॉर्मचा मेल त्या सर्व्हरवरून निघतो, तुमचं नाव लावतो आणि तुमच्याच दारात तोतया ठरतो. हॉस्टिंगचं नाव एसपीएफमध्ये घालता येतं, पण स्वस्त हॉस्टिंगच्या एका सर्व्हरवर शेकडो साइट असतात आणि त्यांतल्या एखादीने उद्योग केले की त्या सर्व्हरच्या आयपी पत्त्याची पत सगळ्यांसाठीच जाते. मी तरी फॉर्मला एसएमटीपी (मेल पाठवायची पद्धत) प्लगइन लावतो आणि मेल थेट गूगलच्या किंवा झोहोच्या खात्यातून, पासवर्डनिशी पाठवतो. मग एसपीएफ आपोआप जुळतो, आणि त्या खात्यात तुमच्या डोमेनचं डीकेआयएम चालू केलेलं असेल तर तेही. जाता जाता एक: डोमेनला एसपीएफचं रेकॉर्ड एकच असावं लागतं. नवं नाव घालायचं म्हणून दुसरं रेकॉर्ड जोडलं की दोन्ही निकामी होतात. आहे त्यातच भर घालायची, आणि ते तपासताना करावे लागणारे डीएनएस शोध (नावावरून सर्व्हरचा पत्ता काढणं) दहाच्या वर जाऊ द्यायचे नाहीत.

आणि रोग कुठलाही असो, फॉर्ममध्ये भरलेलं सगळं वेबसाइटच्या डेटाबेसमध्येही साठलं पाहिजे. वर्डप्रेसचं कॉन्टॅक्ट फॉर्म ७ हे प्लगइन वापरत असाल तर त्याला फ्लेमिंगो हे फुकट प्लगइन जोडलं की हे होतं. मग मेल कुठेही मरो, चौकशी वर्डप्रेसमध्ये वाचता येते.

फॉरवर्डिंगचा शॉर्टकट

‘इन्फो’वाल्या पत्त्याचे मेल स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड करून घेणारे पुष्कळ आहेत. फोनवर दिसतात, वेगळा खर्च नाही. पण फॉरवर्ड झालेला मेल गिऱ्हाइकाच्या नावाने आणि तुमच्या हॉस्टिंगच्या सर्व्हरवरून येतो, त्यामुळे त्याचा एसपीएफ तुटतो. डीकेआयएम असेल तर मेल तरतो, नसेल तर लटकतो. शिवाय ‘इन्फो’ला येणारा कचराही तुम्हीच जीमेलकडे पाठवत असता, जीमेलच्या नजरेत कचरा पाठवणारा तुमचा सर्व्हर. जीमेलने ‘दुसऱ्या खात्यातले मेल आणा’ ही पीओपीची सोयही जानेवारी २०२६ पासून बंद करायचं जाहीर केलं, त्यामुळे तो जुना उपाय आता नव्याने सुचवण्यात अर्थ नाही. फोनवरच्या जीमेल ॲपमध्ये ‘इन्फो’चं खातं आयमॅपने वेगळं जोडा. फॉरवर्डिंग काढून टाका.

कुणाला सरळ आत सोडायचं

जीमेलमध्ये फिल्टर बनवताना ‘नेव्हर सेंड इट टू स्पॅम’ असा पर्याय असतो. तो तीन ठिकाणी वापरा: फॉर्मच्या मेलसाठी (फॉर्मचा विषय ठरावीक आणि वेगळा ठेवा, म्हणजे पकडता येतो), लीड पाठवणाऱ्या पोर्टलांच्या पत्त्यांसाठी, आणि तुमच्या मालाच्या खास शब्दांसाठी. फ्लँज बनवणाऱ्याने ‘फ्लँज’च्या इंग्रजी स्पेलिंगवर फिल्टर लावलं तर थोडा कचरा आत येईल, येऊ द्या. चौकशीच्या पत्त्यावर दिवसाकाठी चार फालतू मेल डोळ्यांखालून घालणं हा धंद्याचा खर्च आहे. हिशेबाच्या आणि बँकेच्या मेलचा पत्ता मात्र वेगळा ठेवा आणि तिथलं फिल्टर कडकच राहू द्या. सैल फिल्टरचा पत्ता आणि पेमेंट करणारा माणूस यांची गाठ पडू देऊ नका.

दोन गोष्टी कधीही करू नका. जीमेल डॉट कॉम हे अख्खं डोमेन परवानगीच्या यादीत टाकू नका. आणि स्वतःचं डोमेन तर मुळीच नाही. तसं केलंत तर तुमच्याच नावाने ‘अकाउंटंटला: आज या खात्यावर पैसे भर’ असा बाहेरून आलेला खोटा मेलही विनातपासणी आत येईल.

तपासणी

सेटिंग बदललं की तपासा, पण विषय ‘टेस्ट’, मजकूर रिकामा, असं करू नका. असा मेल स्वतःच संशयास्पद असतो. एखाद्या मित्राला त्याच्या जीमेलवरून खरी वाटेल अशी चौकशी पाठवायला सांगा, पीडीएफ ड्रॉइंग जोडून. दुसऱ्याला आउटलुक डॉट कॉमवरून, तिसऱ्याला याहूवरून. मग फॉर्म भरायला लावा, तोही बाहेरच्याला आणि वेगवेगळ्या पत्त्यांनी. स्वतःच्या ‘इन्फो’ पत्त्याने फॉर्म भरून तपासणारे बरेच आहेत; त्याने काहीच कळत नाही. फॉर्मचा मेल आला की जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ उघडा. वर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा ओळी असतात. प्रत्येकीपुढे ‘पास’ हवं. एसपीएफपुढे ‘सॉफ्टफेल’ दिसलं तर वरचा चौथा रोग.

उलट बाजूही असतेच. एन्क्वायरी आली, तुम्ही कोटेशन पाठवलं, आणि ते त्याच्या स्पॅममध्ये. इथे मात्र नेटवरचा सल्ला बरोबर आहे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम असायलाच हवं, आणि दिवसाला ५००० किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्यांकडे डीमार्कसकट तिन्ही. तुम्ही तेवढे पाठवत नसलात तरी तिन्ही लावून टाका. कोटेशन नव्या मेलमध्ये न पाठवता त्याच्याच मेलला रिप्लाय करून पाठवा, आणि व्हॉट्सॲपवर एक ओळ टाका: ‘कोटेशन मेल केलंय, दिसलं नाही तर स्पॅम बघा.’

एवढं करूनही एखादा मेल सापडतच नसेल, तर हॉस्टिंगच्या किंवा मेल कंपनीच्या सपोर्टला लिहा. ‘मेल येत नाहीत’ असं लिहिलंत तर तुम्हाला कॅशे साफ करायला सांगतील. पाठवणाऱ्याला त्याच्या ‘सेंट’मधला मेल उघडून त्याचा मेसेज-आयडी काढायला सांगा, जीमेलवर असेल तर तो ‘शो ओरिजिनल’मध्ये पहिल्याच ओळीत असतो. तो आयडी, कुणाकडून कुणाला, तारीख आणि वेळ, एवढं देऊन लॉगमधली ओळ मागा. ‘डिलिव्हर्ड’ असं उत्तर आलं तर थांबू नका. कुठल्या सर्व्हरला आणि कुठल्या मेलबॉक्समध्ये, तेही विचारा. आणि हे त्याच आठवड्यात करा. लॉग कायमचे ठेवत नाहीत.